नोरोव्हायरस की रोटाव्हायरस: रूप बदलण्यात कोण जास्त चलाख?

जुलाब-उलट्या दोघांमुळेही होतात आणि दोघांचाही जनुकीय मजकूर आरएनए या साखळीसारख्या रेणूमध्येच लिहिलेला असतो. रूप बदलण्याच्या तऱ्हा मात्र वेगळ्या आहेत.

रोटाव्हायरसचा आरएनए दुपदरी, आणि तो ११ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले की पत्ते पिसावेत तशी तुकड्यांची सरमिसळ होते. त्यात कधी जनावरांतल्या विषाणूचा तुकडाही माणसांतल्या विषाणूत येतो. म्हणजे मोठा बदल असा एका झटक्यात होऊ शकतो.

नोरोव्हायरसकडे सुटे तुकडे नाहीत. सुमारे ७,५०० अक्षरांची एकच एकपदरी साखळी. नक्कल करताना होणाऱ्या चुका तो दुरुस्त करत नाही, आणि त्याच चुका त्याच्या पथ्यावर पडतात. बाहेरच्या कवचाचा पुढे आलेला भाग थोडा बदलला की जुन्या प्रतिपिंडांना तो नीट ओळखू येत नाही. जीआयआय.४ या प्रकाराने २००२, २००६, २००९ आणि २०१२ मध्ये अशीच नवी रूपे घेऊन जगभर साथी पसरवल्या. शिवाय एकाच पेशीत दोन नोरोव्हायरस भेटले तर नक्कल करता करता ठरावीक सांध्याजवळ एका साखळीवरून दुसरीवर उडी पडते आणि एकाचा पुढचा भाग दुसऱ्याच्या मागच्या भागाला जोडला जातो. म्हणजे सरमिसळ यालाही जमते!

माझ्या मते जास्त चलाख नोरोव्हायरसच. रोटाव्हायरसच्या लशी बरीच वर्षे बाजारात आहेत आणि इतकी सरमिसळ होऊनही गंभीर आजार बऱ्यापैकी रोखतात. नोरोव्हायरसच्या लशीत मात्र मोठी अडचण हीच, की निशाणा सतत हलत राहतो.