केस कापायचं मशीन: घरातल्या तीन डोक्यांवर चालवून

आधी निकाल सांगते: घ्या. पाचपैकी चार चांदण्या. पाचवी का कापली ते पुढे येईलच. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार्जिंगवर चालणारी, सोबत फण्यांचा संच असलेली ही मशीनं थोड्याफार फरकाने एकाच घडणीची असतात, त्यामुळे माझं कौतुक आणि कुरकुर दोन्ही बहुतेकांना लागू पडेल.

हे मागवलं ते 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. सलून बंद, आणि केस मात्र महिन्याला सेंटिमीटरभर वाढायचे ते वाढतच होते. घरात गिऱ्हाइकं तीन: नवरा, नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा आणि सासरे. हे काही आमच्याच घरी सुचलं असं नाही. अमेरिकेत वॉलमार्ट या दुकानसाखळीचे तेव्हाचे प्रमुख डग मॅकमिलन यांनी त्या एप्रिलमध्ये सांगितलं होतं, की लोकांनी आधी खाण्यापिण्याचं सामान नेलं, पुढे कोडी आणि खेळ नेले, आणि आता दाढीचे ट्रिमर अन् केसांचा रंग खपायला लागलाय. मशीन हाती पडेपर्यंत नवरा माझा हेअरबँड लावून ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला बसायला लागला होता. त्याला तो बरा दिसत होता, पण ते मी बोलले नाही.

आता वस्तूकडे वळू. पातं म्हणजे खरं तर दोन पाती: खालचं स्थिर, वरचं डावी-उजवीकडे सरकणारं. त्या दोन दातेरी पट्ट्यांच्या मधे सापडतो तो केस कापला जातो. म्हणून तेल महत्त्वाचं. खोक्यात तेलाची इवलीशी कुपी असते, ती बहुतेक लोक खोक्यासकट माळ्यावर टाकतात आणि मग मशीन तापतं म्हणून ओरडतात. दर वेळी थेंबभर तेल घाला, काही सेकंद नुसतं चालवा, पुसा, मग डोक्याला लावा. केस धुतलेले हवेत आणि पूर्ण कोरडे हवेत. ओले केस चिकटून बसतात आणि फणीतून निसटतात.

फण्यांवरच्या आकड्यांचा हिशेब सोपा आहे. दर आकड्याला इंचाचा आठवा भाग. म्हणजे 1 नंबरला साधारण 3 मिलिमीटर केस उरतात, 2 ला 6, 4 ला 13 आणि 8 ला 25. नवख्या हाताने मोठ्या आकड्यापासून सुरुवात करावी. लांब राहिलेला केस पुन्हा कापता येतो, उलट मात्र काही करता येत नाही. बाजूला एक छोटी खटकी असते, तिने पातं जरा मागे-पुढे होतं. कल्ल्यांपासून वरपर्यंत केस हळूहळू दाट होत गेले पाहिजेत, पायरी दिसता कामा नये, त्यासाठी ती आहे. माहितीपुस्तकात तिच्याबद्दल एक ओळ आहे, तीही चित्राखाली.

भोवऱ्यापाशी मात्र कुठलीच फणी एकटी पुरत नाही. तिथे केस गोल फिरत उगवतात, त्यामुळे मशीन चारी दिशांनी फिरवावं लागतं. याच कामात मला कळलं की बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोक्यावर दोन भोवरे आहेत आणि मुलाच्याही डोक्यावर दोनच, त्याच जागी. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नवऱ्याला एकच.

बाबांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चारातल्या दोन चांदण्या त्यांच्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना धोका जास्त, हे बातम्यांत ऐकून त्यांनी स्वतःच स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. नातवालाही दारातूनच परत पाठवायचे. केस कापायलाही नकोच म्हणाले. मग कॉलर मानेला घासायला लागली तेव्हा एकदाचे गॅलरीत स्टुलावर येऊन बसले, तोंडाला मास्क, अंगावर जुनी चादर. मी कान दोन बोटांनी दुमडून मागची लव काढत होते आणि पाहते तर मान पुढे झुकलेली. डुलकी लागली होती. मशीन बंद केलं तर दचकून म्हणाले, "झालं? एवढ्यात?" झालं होतं. पण मी पुन्हा चालू केलं आणि नुसतंच मानेवरून फिरवत राहिले. पुढच्या वेळेपासून त्यांना बोलवावं लागलं नाही. कात्रणं गोळा करायला वर्तमानपत्र तेच अंथरून ठेवत.

आता पाचवी चांदणी. बॅटरी उतरू लागली की मोटर मंदावते आणि पातं कापायच्या ऐवजी ओढतं. चार्ज किती उरलाय हे दाखवणारा दिवा अगदी शेवटच्या घटकेला लाल होतो, तोवर मुलाने किंचाळून कळवलेलं असतं. शक्य असेल तर वायर लावूनही चालणारं मशीन घ्या. फण्यांची खाचही सैल आहे. "कट्" असा आवाज आल्याशिवाय हात उचलू नका, फणी मधेच निसटली तर थेट टाळू दिसेल.

आणि हे मशीन सलूनची जागा घेतं का? नाही. बाकावर नंबरची वाट बघणं, शेजारच्या अनोळखी माणसाशी उगाच वाद घालणं, शेवटी पाठीमागे दुसरा आरसा धरून "ठीक आहे ना?" विचारणं, आणि मागचं काही नीट न दिसताही आपण मान डोलावणं, हे सगळं कुठल्या खोक्यात येणार? नवऱ्याला मी फोनवर फोटो काढून मागची बाजू दाखवायचे. तो फोटो मोठा करून बघायचा आणि चुका काढायचा. सलूनवाल्यापुढे असं कधी करत नाही.

मला स्वतःला याचा उपयोग शून्य. लांब केसांना मशीन नको, कात्री हवी, आणि कात्री धरण्याइतका विश्वास या तिघांपैकी एकावरही नाही.

सलून उघडली त्या दिवशी नवरा आणि मुलगा पळत गेले. बाबा गेले नाहीत. अजूनही महिना उलटला की स्टूल गॅलरीत येतं, वर्तमानपत्र अंथरलं जातं, आणि बसता बसता तक्रार सुरू होते: "मागच्या वेळी डाव्या कानामागे राहिलं होतं हं. या वेळी नीट बघ."