टर्बो गाडीचा एक्झॉस्ट: घरी बनवावा की तयार किट बसवावं?

टर्बो गाडीत एक्झॉस्ट मोकळा केल्याचा फायदा साध्या इंजिनापेक्षा जास्त मिळतो. टर्बाइन, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं टर्बोचं चाक, फिरतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब जितका कमी, तितका टर्बो लवकर बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, धरतो. त्यामुळे "थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये मागे अडणारा दाब) हवंच" हा नेहमीचा सल्ला इथे सोडून द्यावा. निर्णय घेताना मात्र अख्ख्या एक्झॉस्टचा एकगठ्ठा विचार करू नका. टर्बोपासून कॅटपर्यंतचा (कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुकडा तयार घ्यावा आणि कॅटच्या मागचा घरी बनवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढचा तुकडा, म्हणजे डाउनपाइप, घरी का नको? कारण तिथे चूक लपत नाही. टर्बोला बसणारा फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची चकती, साधारण १० मिमी जाड असतो आणि वेल्डच्या उष्णतेने तो वाकतो. वेल्ड करताना तो दुसऱ्या जाड सपाट प्लेटला बोल्टने आवळून ठेवला नाही, तर गॅस्केट नीट बसत नाही आणि तिथून गळती सुरू होते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) विनाकारण पेट्रोल वाढवतो. सेन्सरचा बंग, म्हणजे तो पिळून बसवायची वेल्ड केलेली कडी, एम१८ गुणिले १.५ आट्यांचा लागतो आणि तो आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर हवा. पाइपच्या खालच्या बाजूने बसवलेल्या सेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो फुटतो. चांगल्या किटमध्ये हे सगळं जिगवर, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या साच्यावर, ठरवलेलं असतं.

कॅटच्या मागे मात्र घरचं काम किटच्या तोडीस तोड होऊ शकतं. अट एकच, बेंड मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेले घ्या. साध्या बेंडरवर पाइप वळणात चेपतो आणि मोठा पाइप टाकल्याचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. व्यासाचं म्हणाल, तर साधारण २५० अश्वशक्तीपर्यंत अडीच इंच पुरतो, पुढे ३ इंच घ्या. १.५ मिमी जाडीच्या पाइपमध्ये अडीच इंचाला आतून सुमारे २९ चौ. सेंमी जागा मिळते, ३ इंचाला ४२.

धातू निवडताना स्वतःकडचं वेल्डिंग मशीन बघा. फक्त मिग (तार आपोआप पुढे सरकणारं मशीन) असेल तर माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद, घ्या. गंजेल, पण जोड पक्के बसतील. ३०४ स्टेनलेसला टिग (टंगस्टन टोकाचं वेल्डिंग) आणि ३०८एल फिलर, म्हणजे जोडात वितळवायची सळई, लागते, शिवाय पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. तो सोडला नाही तर वेल्डच्या मागच्या बाजूला काळा, खडबडीत थर येतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. माइल्ड स्टील आणि स्टेनलेस जोडायचं असेल तर ३०९एल वापरा. ३०४ तापल्यावर पसरतंही जास्त: १ मीटर पाइप ५०० अंशांनी तापला की साडेआठ मिमीच्या आसपास वाढतो. म्हणून हँगर रबरावरच हवेत, आणि इंजिन गाडीत आडवं बसवलेलं असेल तर डाउनपाइपनंतर लगेच फ्लेक्स, म्हणजे लवचीक जाळीदार तुकडा, हवा. इंजिन डुलतं, फ्लेक्स नसेल तर तो ताण थेट वेल्डवर येतो.

काम पुढून मागे करत न्या. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, गाडीखाली फक्त टॅक (तात्पुरते ठिपक्यांचे वेल्ड) मारा, पाइप उतरवा आणि पूर्ण वेल्ड टेबलावर करा. बॉडी, ब्रेक लाइन आणि पेट्रोलच्या नळीपासून किमान २५ मिमी अंतर ठेवा. जमत नसेल तर हीट शील्ड लावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप अजिबात नको, त्याच्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर आर्क लावला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडाल्यावरच आर्क लावा.

आवाजात किट पुढे असतं. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला १०० हर्ट्झची गुणगुण देतं, ती केबिनमध्ये घुमली तर लांबचा प्रवास नकोसा होतो. घरी बनवताना मधे ५० सेंमीचा सरळ तुकडा दोन व्ही-बँड क्लॅम्पमध्ये (सहज सुटणाऱ्या गोल पट्ट्यांत) ठेवा. घुमलंच तर तिथे रेझोनेटर, म्हणजे ती गुणगुण दाबणारा डबा, बसवता येतो.

दोन गोष्टी दोन्ही पर्यायांत सारख्याच लागू आहेत. कॅट काढून टाकणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, शिवाय कॅटच्या मागचा सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो. म्हणून कॅट ठेवा, हवं तर मोकळ्या जाळीचा घ्या. दुसरी गोष्ट बूस्ट क्रीपची. डाउनपाइप मोकळा झाला की काही गाड्यांत वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पूर्ण उघडूनही वरच्या आरपीएमला बूस्ट चढत राहतं. ट्यूनने, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून, ते खाली येत नाही, कारण वेस्टगेट आधीच पूर्ण उघडलेला असतो. त्याचं भोकच मोठं करावं लागतं. म्हणून बूस्ट गेज आधी बसवा, फुल थ्रॉटल नंतर.

जोडून झाल्यावर थंड इंजिन चालू करा, मागच्या टोकाला ओला कपडा अर्धवट दाबा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. दोन-तीन वेळा गाडी पूर्ण तापून थंड झाली की सगळे नट पुन्हा आवळा. टर्बोच्या स्टडना तांब्याचा मुलामा दिलेले लॉकनट लावा, साधे तिथे ढिले होतात.