‘डेथ मॅग्नेटिक’ची सीडी, काही महिने ऐकल्यानंतर

उजव्या स्पीकरमधून चरचर यायला लागली, म्हणून जोडी रिक्षात घालून पुण्याच्या तपकीर गल्लीत नेली. ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं दुरुस्तीला जातो ते काका दुकानातच होते. त्यांनी जाळी काढली, कोनवर, म्हणजे स्पीकरच्या पडद्यावर, दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हलकेच आत दाबलं आणि मागची तारेची कॉइल कुठे घासतेय का ते कान जवळ नेऊन ऐकलं. काहीच सापडलं नाही. मग म्हणाले, “कशावर चरचरतो? ती सीडी आणलीय का?”

आणली होती, मेटालिका या अमेरिकी मेटल बँडची ‘डेथ मॅग्नेटिक’. सुरुवातीचे हृदयाचे ठोके स्वच्छ वाजले. त्यानंतरची संथ गिटारही स्वच्छ वाजली. सगळा बँड एकदम आत आला आणि चरचर सुरू झाली. काकांनी वायरी काढून दुकानातल्या मोठ्या स्पीकरांना जोडल्या, तर तिथेही तेच. मग माझ्या पिशवीतली दुसरी सीडी, स्लेयर या दुसऱ्या मेटल बँडची ‘रेन इन ब्लड’, माझ्याच स्पीकरवर लावली. कोरडा, कडक, लख्ख आवाज आला. “साहेब, स्पीकर ठणठणीत आहे. गाणंच फाटलंय.” तपासणीचे पैसे त्यांनी घेतले आणि मी ते आनंदाने दिले.

मेटालिकाच्या या अल्बमबद्दल माझा प्रश्न एवढाच, की आज ही सीडी घ्यावी का. दर महिन्याला पैसे भरून गाणी भाड्याने ऐकणं मला पटत नाही, म्हणून सबस्क्रिप्शन बंद करून मी जुन्या सीडी जमवायला लागलो. त्यात ही मिळाली. डबीला तडा होता, पण चकतीवर एक ओरखडा नव्हता. पुस्तिकाही पूर्ण होती. पानापानातून आरपार गेलेलं शवपेटीच्या आकाराचं छिद्र अजून कुठे फाटलेलं नाही. या वेष्टनाला ग्रॅमी मिळालं होतं आणि ते योग्यच होतं. हातात घेतल्यावर वस्तू घेतल्यासारखं वाटतं.

पण ऐकायची वस्तू डोळ्यांनी किती दिवस ऐकणार?

हा अल्बम १२ सप्टेंबर २००८ ला आला आणि आवाजाचं भांडण लगेच सुरू झालं. त्याच सुमारास ‘गिटार हीरो ३’ या खेळासाठी हीच गाणी निघाली. खेळाला प्रत्येक वाद्य वेगळं लागतं, त्यामुळे त्यातलं वाद्यांचं मिश्रण, म्हणजे मिक्स, वेगळं होतं आणि त्यात सीडीचा शेवटचा दाब नव्हता. दाब म्हणजे मोठे-लहान आवाज चेपून सगळं सारखंच मोठं करणं. लोकांनी दोन्ही शेजारी लावून ऐकलं, तर खेळातली गाणी मोकळी वाजत होती आणि सीडी चेपलेली. इयन शेपर्ड या ब्रिटिश मास्टरिंग इंजिनिअरने हा फरक जाहीरपणे मांडला. (मास्टरिंग म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवरून फिरणारा शेवटचा हात, त्यातून निघतं ते मास्टर.) हजारो चाहत्यांनी, मिक्स पुन्हा करा, अशा अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग ज्याच्या नावावर आहे त्या टेड जेन्सनने एका चाहत्याला कळवलं, की मिक्स माझ्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते. बँडचा ड्रमवादक लार्स उलरिकने मात्र आवाजाची पाठराखण केली. निर्माता रिक रूबिन, मिक्समध्ये ग्रेग फिडेलमनचा हात. नेमकं कोणी किती दाबलं हे बाहेरून ठरवता येत नाही, पण भोगायला आपणच आहोत.

घरी येऊन मी ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ संगणकावर उतरवून घेतलं, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडलं आणि ‘शो क्लिपिंग’ चालू केलं. पहिली काही मिनिटं निळी लाट वरखाली होत राहते. गाणं पेटतं तिथून लाट संपते आणि कुंपणाची भिंत सुरू होते, आणि त्या भिंतीवर लाल रेघाच रेघा. प्रत्येक लाल रेघ म्हणजे आवाज छताला जाऊन आपटला आणि त्याचा माथा कापला गेला. स्नेअर ड्रमवर काठी पडते तो पहिला क्षण सगळ्यात उंच असतो, म्हणून कापला जातो तोच. गोल माथ्याची लाट सपाट झाली की तिच्यात मुळात नसलेले कर्कश सूर तयार होतात. माझ्या उजव्या स्पीकरची चरचर ती हीच. डावीकडेही ती होतीच. उजवा स्पीकर माझ्या खुर्चीच्या जवळ असतो एवढंच.

डायनॅमिक रेंज मोजणाऱ्यांनी या सीडीला डीआर ३ दिला आहे. म्हणजे सरासरी आवाज आणि सर्वांत मोठा आवाज यांत जवळजवळ अंतरच उरलेलं नाही. ज्या बँडने संथ गिटारीवरून वादळात जाणं अख्ख्या पिढीला शिकवलं, त्या बँडच्या सीडीची ही गत!

यावर मित्र म्हणतात, मेटल मोठ्यानेच ऐकायचं असतं, तुझी तक्रार काय? तक्रार अशी, की मोठा आवाज आणि चेपलेला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर हाच बँड मी ऐकलाय, पुण्याहून रात्रीची बस पकडून गेलो होतो. आवाज एवढा मोठा की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तरी लार्सचा प्रत्येक ठोका छातीवर वेगळा बसत होता. मोठा आवाज असा असतो.

मेटलला हा दाब इतर संगीतापेक्षा जास्त बाधतो. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम, लावलेली गिटार मुळातच दाबलेली असते, तार हलके छेडा की जोरात, आवाज साधारण तेवढाच येतो. चढउतार येतो तो ड्रम्समधून, थोडा बास गिटारमधून आणि बँड मध्येच थांबतो त्या जागांमधून. ड्रमचा माथा कापला की गाण्यात श्वास घ्यायला जागाच राहत नाही. म्हणून ही सीडी चौथ्या गाण्यापाशी थकवते. सुरुवातीला वाटायचं, दिवसभराच्या कामाने डोकं दुखतंय. मग रविवारी सकाळी, चहा होऊन ताजंतवानं बसलेलो असताना लावून पाहिली. डोकं तिथेच दुखायला लागलं.

इथपर्यंत लिहिलं असतं तर हा अनुभव एका ओळीत संपला असता: घेऊ नका. विकायलाही काढली होती.

पण २०१५ साली आयट्यून्ससाठी या अल्बमचं वेगळं मास्टर निघालं होतं, ते कानावर पडलं आणि माझं मत फिरलं. एकाच अल्बमचे दोनदा पैसे मोजताना जिवावर आलं, हे स्पष्ट सांगतो. पण पहिल्याच दिवशी ‘सायनाइड’ लावलं आणि बँडचा बासवादक ट्रुहियो याचा बास ऐकू आला. म्हणजे तो वाजवत होता! त्या गाण्यात बास आणि ड्रम एकमेकांना टोचत पुढे जातात, आणि सीडीवर हे सगळं एका करड्या भिंतीमागे गाडलेलं आहे. ‘ऑल नाइटमेअर लाँग’ची संथ सुरुवात मोडून रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ, कोसळते तेव्हा आता खरंच काहीतरी कोसळतं. गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो आधीच्या ‘सेंट अँगर’ अल्बममध्ये गायबच होते, ते इथे परत आलेत आणि आता ते गिटारच्या गर्दीच्या वर तरंगतात. ‘द जुडास किस’ मला आधी आठ मिनिटांचा रेटा वाटायचं. आता अल्बममधलं तेच मी सर्वांत जास्त ऐकतो.

तर गाण्यांबद्दल माझं आजचं मत हे आहे: १९९१ च्या काळ्या अल्बमनंतर मेटालिकाने केलेलं सर्वांत भक्कम काम हेच. त्यांचा नंतरचा अल्बम ‘७२ सीझन्स’ मी भरपूर ऐकला, त्याचा आवाज सुसह्य आहे, पण रिफ्स इतक्या लक्षात राहत नाहीत. ‘द अनफरगिव्हन ३’ नसतं तरी चाललं असतं. ‘सुइसाइड अँड रिडेम्प्शन’ जवळजवळ दहा मिनिटं चालतं आणि सहाव्या मिनिटाला त्याचं सांगून झालेलं असतं. आणि शेवटचं ‘माय अपॉकॅलिप्स’, अल्बममधलं सर्वांत छोटं आणि सुसाट गाणं, त्याला ग्रॅमी मिळालं. ते गाणं सीडीवर सर्वांत वाईट वाजणाऱ्यांपैकी एक आहे. मला याचा खरंच राग येतो. एवढं चांगलं वाजवून ठेवलंय आणि झाकण दाबून बसवलंय!

मी हिशेबी माणूस आहे, म्हणून पैशांचंही सांगतो. ‘डेथ मॅग्नेटिक’ दहा गाण्यांत ७४ मिनिटांच्या वर जातो. ‘रेन इन ब्लड’मध्येही दहाच गाणी, पण अवघी २९ मिनिटं. दोन्हींचा निर्माता रिक रूबिन. घेतानाचा हिशेब असा होता, की तेवढ्याच पैशात इकडे अडीचपट संगीत मिळतंय. वापरल्यावर हिशेब उलटा निघाला. स्लेयरचा अल्बम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो आणि बऱ्याचदा लगेच पुन्हा लावतो. मेटालिकाची सीडी एका बैठकीत एकदाही संपवावीशी वाटली नाही.

स्लेयरचा १९८६ चा तो अल्बम रूबिनने इतका कोरडा ठेवला, की वाद्यांना कुठे घुमणं नाही, प्रतिध्वनी नाही. ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये उत्तरार्धात एक जागा आहे. सगळे थांबतात आणि ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डोचे फक्त दोन पाय बास ड्रमवर चालू राहतात. एवढासा तुकडा, पण त्यात हवा आहे, आणि त्या हवेमुळेच मागून येणारा बँड अंगावर येतो. दाबलेल्या सीडीवर ही जागा केली असती तर दोन पायांचा आवाज आणि सबंध बँडचा आवाज सारखाच मोठा झाला असता. मग थांबायचं कशाला?

मधल्या काळात इतरही ऐकत होतोच. ज्युडास प्रीस्ट या जुन्या ब्रिटिश मेटल बँडचा २०२४ चा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा या वर्षभरातला माझा सर्वांत मोठा आनंद. गायक रॉब हॅलफर्ड सत्तरी ओलांडलेला, गिटारवादक ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स, दुसरा गिटारवादक रिची फॉकनर २०२१ मध्ये मंचावर वाजवत असतानाच महाधमनी फाटून मरणाच्या दारातून परत आलेला. आणि अल्बम ‘पॅनिक अटॅक’ने असा सुटतो, की यांना कोणी वय सांगितलेलंच नसावं. तोही जोरातच मास्टर केलाय, पण स्नेअर जागेवर आहे आणि कान थकत नाही. म्हणजे आजच्या जमान्यात हे जमतं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा २०१७ चा ‘दशावतार’ पुन्हा काढलाय, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गाणं. घशातून काढलेल्या त्या आवाजामागे नृसिंहाची गोष्ट उलगडते तेव्हा आपल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नसेल ऐकला तर ऐका, त्यावर सविस्तर लिहायला हवं.

आता घेणाऱ्यांसाठी. सीडी घ्यायचीच असेल तर पुस्तिकेसाठी घ्या आणि वापरलेलीच घ्या. नव्या सीलबंद प्रतीसाठी जादा मोजू नका, आत तोच आवाज आहे. ऐकायला २०१५ चं आयट्यून्सचं मास्टर घ्या. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: ही ॲप्स सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतात, स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक). जो अल्बम सगळ्यांत मोठ्याने ओरडतो त्याचा आवाज ॲप सरळ कमी करतं. म्हणजे ज्या मोठेपणासाठी एवढा दाब दिला तो तिथे शून्य, आणि कापलेले माथे कापलेलेच. स्पीकरमधून चरचर आली तर दुरुस्तीला नेण्याआधी दुसरा एखादा अल्बम लावून बघा. माझं रिक्षाभाडं गेलं ते गेलं. आणखी गाणी हवी असतील तर याच ध्वनिमुद्रणातली उरलेली चार ‘बियॉन्ड मॅग्नेटिक’वर आहेत, २०११ च्या डिसेंबरात निघालेली. ती कच्च्या मिक्समध्येच दिली आहेत आणि माझ्या कानाला अल्बमपेक्षा मोकळी वाटतात.

मेटालिका आपले जुने अल्बम क्रमाने नव्याने काढतेय. २०१६ मध्ये पहिले दोन आले, मग ‘मास्टर ऑफ पपेट्स’, २०१८ मध्ये ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, २०२१ मध्ये काळा अल्बम, २०२५ मध्ये ‘लोड’. या क्रमाने कधीतरी ‘डेथ मॅग्नेटिक’ची पाळी येईल. ‘जस्टिस’च्या वेळी त्यांनी मूळ मिक्सला हात लावला नाही, तेव्हाचा बासवादक जेसन न्यूस्टेडचा बास होता तसाच गाडलेला राहिला आणि पेटी मात्र जाडजूड निघाली. इथे तसं चालणार नाही. दाब मिक्समध्येच असेल तर वरवरच्या रीमास्टरने कापलेले माथे परत येत नाहीत. सुट्या वाद्यांचे ट्रॅक अस्तित्वात आहेत, २००८ मध्ये एका खेळाला दिले होते. त्यावरून नवा मिक्स करा, ड्रम मोकळे सोडा, बास वर आणा. तसं केलं तर तिसऱ्यांदा पैसे द्यायला मी तयार आहे. नुसतं नवं वेष्टन घालून आणलं तर एक रुपया देणार नाही.