एका टायरला पाच पंक्चर: सातारा रस्त्यावर आमची झालेली फसवणूक

चालू गाडीच्या ट्यूबलेस टायरला एकाच वेळी पाच पंक्चर आहेत असं कुणी सांगितलं, तर त्यातली बहुतेक सांगणाऱ्यानेच पाडलेली असतात. आमच्या गाडीची तर पाचच्या पाच तशी होती. पुण्याहून कोल्हापूरकडे, विशेषतः घरची म्हातारी माणसं किंवा लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. त्या पाच भोकांपेक्षा भयंकर गोष्ट पुढे आहे.

मी आणि आई मामेबहिणीच्या लग्नाला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. खंबाटकीचा घाट चढून उतरलो, गाडी कुठेही ओढत नव्हती, स्टिअरिंग जड नव्हतं. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा येईतो एक पोरगा टेबलापाशी आला. "ताई, पांढरी गाडी तुमचीच ना? मागचं डावं चाक बसलंय." आवारातच टायरचं दुकान होतं. मी उठून गेले तोवर त्याने व्हॉल्व्हचं टोपण काढून गेज लावलं होतं आणि हवा फुसफुसत होती. गेजवर हवेचा दाब १२ पीएसआय दिसत होता. या गाडीला ३३ लागतात, ते दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं.

मग दुकानाचा मालक आला. वयाने माझ्या काकांएवढा, बोलायला अतिशय मऊ. आईला त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. चाक खोललं, हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. फडकं फिरलं की मागे बुडबुडे. एक, दोन, तीन. दर बुडबुड्यापाशी तो खडूने गोल करायचा आणि मला जवळ बोलवून दाखवायचा. प्रत्येकी दीडशे रुपये सांगितले. पाचवं भोक टायरच्या खांद्याजवळ, कडेला निघालं, आणि तिथे त्याने मान हलवली. "काका-पुतणीचं नातं समजा ताई, इथं स्ट्रिप धरत नाही. मी पैसे घेऊन मारून देईन, पण रस्त्यात सुटली तर?"

हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ट्यूबलेसची दुरुस्ती फक्त मधल्या पट्ट्यात, जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथेच करायची असते. खांदा आणि बाजूची भिंत सतत वाकत असते, तिथे भोकात ठोसलेली रबराची पट्टी, म्हणजे स्ट्रिप किंवा प्लग, टिकत नाही. मी म्हटलं, स्टेपनी लावा. त्यावरही त्याने खरंच सांगितलं: "स्टेपनी बारीक आहे. तिच्यावरच लिहिलंय, ८० च्या वर चालवू नका. कोल्हापूर अजून शंभराच्या वर किलोमीटर आहे, आणि आई सोबत आहेत." स्टेपनीवर पिवळ्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं.

यातच या फसवणुकीची ताकद आहे. त्या माणसाने टायरबद्दल एकही चुकीचा नियम सांगितला नाही. कुठलंही पुस्तक उघडा, कुठल्याही जाणकाराला फोन करा, तो हेच सांगेल. मी माझ्या भावाला फोन केला, त्यालाही गाड्यांतलं कळतं, आणि तोही म्हणाला की कडेला भोक असेल तर टायर बदलच. खोटी होती ती फक्त भोकं.

टायर आत तयारच होता. १८५/६५ आर १५, आमच्याच मापाचा, नावाजलेल्या कंपनीचा, काळाकुळकुळीत. माप त्याने बोट ठेवून वाचून दाखवलं, आयएसआयचा शिक्का दाखवला. "बाहेर साडेपाच-सहा हजार घेतील, तुम्हाला ४,८०० ला देतो, पंक्चर शोधल्याचे काही नको." बसवणावळ दोनशे. ऑनलाइन पैसे घ्यायचं यंत्र बंद होतं, बिलाचं पुस्तक पोराने घरी नेलं होतं. आईने आहेरासाठी आणलेल्या नोटा मोजून दिल्या. जुना टायर ठेवून गेलात तर तीनशे परत देतो म्हणाला. तिथे आई मध्ये पडली. "आपली वस्तू आहे, आपण नेऊ," एवढंच म्हणाली आणि डिकी उघडून उभी राहिली. त्याचा चेहरा पहिल्यांदा तेव्हा बदलला. आईच्या त्या एका हट्टामुळे पुढचं सगळं उघडकीला आलं.

कराडच्या पुढे गाडी ८० च्या वर गेली की मागून थरथरायला लागली. लग्न उरकल्यावर कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एका जुन्या टायरवाल्याकडे गेलो. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, राहिलं असेल एवढीच माझी समजूत होती. त्यांनी चाक काढलं, अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "हा कुठनं घेतलासा?"

टायर नवा नव्हताच. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने खाचा पाडल्या होत्या आणि वरून पॉलिश मारलं होतं. खऱ्या टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बाद. बाजूच्या भिंतीवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत बघितलं की ते सापडतात. आमच्या "नव्या" टायरचे उंचवटे पात्याने कापून काढले होते, आणि एका खाचेत पोलादी तारांवर जेमतेम पापुद्र्याएवढं रबर उरलं होतं. खाचा पुन्हा पाडता येतील असे टायर असतात, पण ते ट्रक-बसचे. त्यांत तळाला त्यासाठी जास्तीचं रबर ठेवलेलं असतं आणि टायरवर तसं छापलेलं असतं. मोटारीच्या टायरला पातं लावणं म्हणजे त्याची शेवटची ढाल काढून घेणं.

मग त्यांनी टायर उलटा केला. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बऱ्याच टायरवर ही पूर्ण तारीख एकाच बाजूला असते. आमच्या टायरवर १११५ होतं, म्हणजे २०१५ सालचा अकरावा आठवडा, आणि ती बाजू मुद्दाम आत, गाडीच्या पोटाकडे बसवलेली होती. आयएसआयचा शिक्का खरा होता, कंपनीचं नावही खरं होतं, फक्त टायर आपलं आयुष्य केव्हाच संपवून बसला होता. त्यावरून मी माझ्या ७१ वर्षांच्या आईला महामार्गावरून नेलं होतं. पाच हजार रुपयांचा राग मला आता नाही, याचा आहे.

डिकीतला आमचा जुना टायर कोल्हापूरच्या त्या टायरवाल्यांनी बॅटरी लावून आतून दाखवला. पाचही भोकं एकाच जाडीची, स्वच्छ, सरळ आरपार. खिळा रस्त्यावर शिरतो तेव्हा बहुधा तिरका शिरतो, भोकाच्या कडेला माती, गंज, घासल्याची खूण राहते. इथे काहीच नव्हतं. दुसरी खूण जास्त पक्की आहे. हवा कमी असताना टायर पळाला की त्याच्या भिंती आतून घासतात, रबराचा काळा भुगा पडतो आणि गोल वळ उठतो. १२ च्या हवेवर घाट चढून आलेल्या टायरच्या पोटात हे दिसायलाच हवं. आमचा टायर आतून कोरा होता. "ताई, ह्यो टायर चांगला हुता. त्येला मारलाय," ते म्हणाले. हवा कशी गेली, तेही त्यांनी सांगितलं: गेज लावायच्या निमित्ताने व्हॉल्व्हची पिन दाबून धरायची. मी जी फुसफुस ऐकली ती तीच. आणि भोकं पाडायचा टोच्या फडक्याच्या आत धरलेला असतो.

सगळे पंक्चरवाले असे नसतात, हे मला आवर्जून लिहायचं आहे. रात्री-अपरात्री, पावसात, ट्रकच्या वाऱ्यात बसून शे-दीडशे रुपयांत माणसाला घरी पोचवणारे हेच लोक आहेत, आणि असल्या टोळ्यांनी त्यांचंही नाव खराब होतं. सायकलचं पंक्चर काढणारा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात आपल्यासमोर बुडवून बुडबुडा दाखवतो, तिथे लपवायला जागाच नसते. पण ट्यूब असलेल्या मोटरसायकलींच्या बाबतीतही एक प्रकार चालतो: ट्यूब बाहेर काढताना व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर द्यायची, "ट्यूब गेली" म्हणायचं आणि ठिगळं लावलेली जुनी ट्यूब आत घालायची. तेव्हा दुचाकीवाल्यांनीही ट्यूब बाहेर येत असताना नजर हलवू नये.

आता मी काय करते ते सांगते. गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा छोटा पंप डिकीत असतो, त्यावर हवेचा आकडाही दिसतो. चाक बसलंय असं कुणी सांगितलं तर त्याला चाकाला हात लावू न देता मी स्वतः मोजते. ट्यूबलेसमध्ये खिळा अडकलेला असला तरी हवा सहसा हळूहळू जाते. खिळा न उपसता हवा भरून, मध्ये मध्ये तपासत, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा गावातल्या दुकानापर्यंत जाता येतं. हवा झरझर उतरत असेल तर मात्र अजिबात चालवू नका, स्टेपनी लावा. बारीक स्टेपनीवर ८० च्या आत राहून सातारा किंवा कराड शहर आरामात गाठता येतं, तिथे बिल देणारी दुकानं आहेत. दुरुस्ती करून घेताना आधी खिळा कुठे आहे ते दाखवायला सांगा, साबणाचं पाणी आपण स्वतः ओता, फडकं बाजूला ठेवायला लावा. आणि टायर घ्यायचाच झाला तर रिमवर चढण्याआधी दोन्ही बाजू फिरवून ते चार आकडे वाचा, मगच होकार द्या.

आम्ही परत येताना पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. दोन्ही टायर आणि फोटो जपून ठेवले आहेत. बिल नसल्यामुळे ग्राहक म्हणून दाद मागणं कठीण जातंय, तरी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३ वर फोन करता येतो, तो नंबर आईच्या फोनमध्येही घातला आहे. या पट्ट्यात कुणाच्या टायरला अशीच ओळीने भोकं निघाली असतील, तर कृपया टायर त्यांच्याकडे सोडू नका. आतून फोटो काढा, तारखेचे आकडे टिपा, आणि रक्कम लहान असली तरी तक्रार द्या.