जॉर्ज जोन्स आणि टॅमी वाइनेटची युगलगीतं: काही महिने ऐकल्यानंतर

अमेरिकेतल्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या ‘कंट्री’ संगीताच्या या दोन गायकांच्या गाजलेल्या युगलगीतांची एलपी (मोठी तबकडी) मला नॅशव्हिलमध्येच, म्हणजे कंट्रीच्या माहेरघरीच, एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळाली. उन्हाळ्यापासून ती सतत लागते आहे, त्यामुळे आता सविस्तर लिहायला हरकत नाही.

सुरुवातीला नुसतीच गाणी ऐकली. सुरेल, जरा गोडसर, बस्स. मग एके दिवशी पेन्सिल घेऊन कव्हरवर प्रत्येक गाण्यापुढे साल लिहिलं आणि तीच रेकॉर्ड वेगळी ऐकू यायला लागली. दोघांचं लग्न 1969 चं. 1972 मध्ये ‘द सेरेमनी’ आलं, त्यात पाद्र्यासकट अख्खं लग्नच लावलंय. 1973 मध्ये टॅमीने घटस्फोटाचा अर्ज केला, मग समेट झाला आणि त्याच वर्षी ‘वी आर गॉना होल्ड ऑन’ कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. जॉर्जची दारू काही सुटेना. ठरलेल्या कार्यक्रमांना तो उगवायचाच नाही, म्हणून लोक त्याला ‘नो शो जोन्स’ म्हणत. 1975 ला घटस्फोट झालाच. आणि त्यानंतर, 1976 मध्ये, ‘गोल्डन रिंग’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर! पाठोपाठ ‘निअर यू’. मोडलेल्या संसारातली ही दोन माणसं एका मायक्रोफोनवर इतकी जुळतात, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

‘गोल्डन रिंग’साठी तरी ही एलपी घ्याच. शिकागोतल्या गहाणवटीच्या दुकानात एक जोडपं लग्नाची अंगठी बघतंय. पुढच्या कडव्यात लग्न. त्याच्या पुढच्यात दोन खोल्यांच्या घरातलं शेवटचं भांडण. बायको अंगठी फेकून निघून जाते. मग अंगठी परत गहाणवटीच्या दुकानात, आणि काचेपलीकडे नवं जोडपं. गाणं बॉबी ब्रॅडॉक आणि रेफ व्हॅन हॉय यांचं आहे, म्हणजे शब्द या दोघांचे नाहीत. पण भांडणाच्या कडव्यातही आवाजात आदळआपट नाही, आणि तिथेच माझ्या पोटात कालवतं. जॉर्ज सुराला खालून येऊन भिडतो, आपल्याकडच्या मींडेची आठवण व्हावी असा. टॅमीचं रडू गळ्यापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं.

तिच्याबद्दल एक सांगायलाच हवं. ‘स्टँड बाय युअर मॅन’ (आपल्या नवऱ्याच्या पाठीशी उभी राहा) हे 1968 चं गाणं तिने निर्माता बिली शेरिलबरोबर लिहिलं, आणि तिची एकूण पाच लग्नं झाली म्हणून लोक आजही तिची टिंगल करतात. मला ते अजिबात पटत नाही. गाणं म्हणजे काही प्रतिज्ञापत्र नव्हे. ही बाई आधी केशभूषेचं काम करायची, आणि एवढी मोठी गायिका झाल्यावरही तो परवाना नूतनीकरण करून ठेवायची. नशिबावर तिचा किती विश्वास होता ते यातून कळतं.

आता उणिवा. ‘द सेरेमनी’ एकदा ऐकावं, नंतर मी सुई उचलून पुढे नेते. काही गाण्यांत मागचा कोरस फार दाट आहे, स्टील गिटार त्यात बुडते. माझ्या प्रतीत पहिल्या बाजूला खरखर आहे. विकताना ‘उत्तम स्थिती’ सांगितली होती. डिस्टिल्ड पाण्याने धुतल्यावर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. कव्हरवर सालं किंवा माहिती जवळपास शून्य.

जॉर्जचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ यात मिळणार नाही, ते 1980 मधलं आणि त्याचं एकट्याचं. मरेपर्यंत एकीवर प्रेम करणाऱ्या माणसाचं ते गाणं इतकं दुःखी आहे की कोणी विकत घेणार नाही, असं जॉर्जलाच वाटत होतं. ते वेगळं घ्या, पण आधी ही एलपी ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, दोघांचे आवाज एकमेकांत कालवले जातात. साधे का होईना, दोन स्पीकर लावा.