वर्कशीटला कोणता परवाना: बाय-एसए की बाय-एनसी?

आपल्या वर्कशीट्स इतर शिक्षकांना खुल्या करायच्यात, पण कुणी त्या छापून विकल्या तर? या धास्तीने बरेच जण क्रिएटिव्ह कॉमन्सचा (साहित्य खुलं करण्यासाठी तयार परवाने देणारी संस्था) बाय-एनसी (BY-NC: नाव द्या, व्यावसायिक वापर नको) निवडतात. बाय-एसए (BY-SA: नाव द्या, बदललेलं त्याच अटींवर वाटा) हा दुसरा पर्याय. खर्च आणि खटपट सारखीच: दोन्ही फुकट, नोंदणी नाही, दोन्हींत तुमचं नाव देणं बंधनकारक. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हेही दोन्हींना लागू. (नोकरीत केलेल्या साहित्याचा हक्क संस्थेचा असू शकतो, आधी करार बघा.)

खरा फरक वापरात. बाय-एनसी मुख्यतः व्यावसायिक फायद्यासाठीचा वापर रोखतो. मग फी घेणाऱ्या शाळेचं काय? हा परवाना वापरणारा कोण हे बघत नाही, वापर कशासाठी हे बघतो. उत्तर दर वेळी वेगळं, म्हणून शंका आली की प्रामाणिक शिक्षक तुमचं साहित्य बाजूला ठेवतो. चोरणारा परवाना वाचतच नाही.

बाय-एसएमध्ये विक्री चालते, पण बदललेली आवृत्ती वाटायची तर त्याच किंवा सुसंगत परवान्याखाली. विकिपीडियाचा मजकूरही बाय-एसएच, त्यामुळे श्रेय देऊन तो वर्कशीटमध्ये मिसळता येतो. तोच मजकूर बाय-एनसी साहित्यात मिसळून नवी रचना वाटता येत नाही.

पुढे याचंच पुस्तक विकायचं असेल तर बाय-एनसी घ्या. मूळ हक्कदार म्हणून तुम्हाला विक्रीची आडकाठी नाही. साहित्य जास्तीत जास्त वर्गांत फिरावं, सुधारत जावं, असं वाटत असेल तर बाय-एसए.