दहा महिने, दहा पुष्पं : उपनगरातल्या मासिक व्याख्यानमालेचा वापरानंतरचा अनुभव

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातली ही व्याख्यानमाला. दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, शाळेचा हॉल, १८० खुर्च्या, प्रवेश विनामूल्य. ऑगस्ट ते मे अशी दहा पुष्पं झाली. मोडी लिपी, मृत्युपत्र, पूररेषा, पंचांग, मधुमेह, गच्चीवरची सौरऊर्जा, लोकगीतं अशी विषयांची भेळ मुद्दाम केलेली. मालेचं नाव देत नाही, कारण खालच्या निम्म्या तक्रारी राज्यातल्या कुठल्याही मालेला लागू होतील आणि उरलेल्या निम्म्या त्या हॉलला.

एकेकटी धरली तर दहातली चार व्याख्यानं उत्तम, तीन चालण्यासारखी, तीन फसलेली. हिशेब काही फार उजवा नाही. घरबसल्या मोबाइलवर याहून चांगले वक्ते, हव्या त्या वेळी, मध्येच थांबवून ऐकता येतात. तरी माला ऐकावी ती एकाच कारणासाठी: मोबाइलवर आपण आपल्या आवडीचं ऐकतो, इथे पंगतीसारखं पानात वाढलेलं ऐकावं लागतं. मृत्युपत्रासाठी आलेला माणूस पुढच्या महिन्यात सवयीने येतो आणि मोडी ऐकून जातो. ही सवय ज्याने मोडते ती मालेची खोट, मग वक्ता कितीही मोठा असो.

सवयीच्या बाबतीत मासिक माला मुळातच अधू. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. तिचा रिवाज २१ एप्रिल ते २० मे, रोज संध्याकाळी. महिनाभर पाय आपोआप टिळक स्मारक मंदिराकडे वळतात. आज कोण बोलणार आहे, हे तिथे पोचल्यावर कळलं तरी बिघडत नाही. नाशिकची गोदाकाठची मालाही मे महिन्यात अशीच रोजची. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या मालेत मात्र आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विषय येतो, लोक विषय बघून ठरवतात, आणि पंगतीचं हॉटेल होतं. पहिले पाच महिने नेमकं हेच झालं. मृत्युपत्राला वर्गांतून बाकं आणावी लागली, मोडीला जेमतेम साठ माणसं. जानेवारीत संयोजकांनी उरलेल्या चार तारखांचं पोस्टकार्डाएवढं कार्ड छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवलं. तारखा ठळक, विषय बारीक. ते फ्रिजवर लागलं आणि गर्दीतला चढउतार डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. छपाईचा खर्च एका फ्लेक्सहूनही कमी. शनिवार निवडला तेही योग्यच. रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमध्ये वक्ता आणि बाहेरगावचे श्रोते दोघेही अडकतात.

आता वेळ. सुरुवातीच्या पुष्पांना घड्याळ लावून पाहिलं तर साडेसहाचा कार्यक्रम सहा पन्नासला सुरू. मग दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत दहा मिनिटं, प्रास्ताविक बारा, वक्त्यांचा परिचय आठ, शाल-श्रीफळ आणि फोटो सहा. म्हणजे वक्ता माइकसमोर येतो तेव्हा साडेसातला चार मिनिटं कमी, आणि श्रोत्यांची पहिली, सगळ्यात ताजी छत्तीस मिनिटं खर्ची पडलेली. वयस्कर मंडळी आठला उठतात, कारण जेवण आणि गोळ्या. आभारप्रदर्शनात मंडपवाल्यापासून देणगीदारांपर्यंत सगळ्यांची नावं येतात, पण तेव्हा ऐकायला फक्त ज्यांची नावं घेतली तीच मंडळी उरलेली.

सहाव्या पुष्पापासून सुधारणा झाली. परिचय दीडशे शब्दांत, लिहून, वाचून; तो दीड मिनिटात संपतो. पदव्यांची यादी गाळून 'या विषयावर यांनी काय काम केलं' एवढंच. सत्कार व्याख्यानानंतर, शालीऐवजी पुस्तक. प्रास्ताविक बंद. सहा पस्तीसला वक्ता बोलायला उभा. प्रायोजकांना दोन शब्द बोलायचे असतातच. त्यांना सुरुवातीला न बोलावता प्रश्नोत्तरांच्या आधी, चिठ्ठ्या गोळा होत असताना बोलावतात. त्या तीन मिनिटांत हॉलमध्ये तशीही कुजबुज असते, त्यामुळे कुणाचंच नुकसान नाही.

आवाज हा सगळ्यात दुखरा भाग, म्हणून जरा सविस्तर.

हॉल १८ मीटर लांब, खाली लाद्या, भिंती उघड्या. अशा खोलीत शब्द संपल्यावरही घुमत राहतो. गाण्याला हे शोभतं, भाषणाला नाही; बोलण्यासाठी हा घुमारा सेकंदाच्या आत विरायला हवा. मागच्या भिंतीला चुण्या घातलेला जाड पडदा लावल्यावर फरक पडला. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी: रिकाम्या हॉलमध्ये केलेली माइकची चाचणी फसवी असते. माणसं आणि कपडे आवाज शोषतात, त्यामुळे भरल्या हॉलमध्ये घुमारा कमी होतो आणि आवाज थोडा वाढवावा लागतो. चाचणी साडेपाचला करावी, पण मिक्सरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाने पहिली पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवावा.

दोन स्पीकर मंचाजवळ आणि दोन साधारण १२ मीटर मागे, अशी मांडणी. मागचे स्पीकर लावले ते मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून, पण त्यांच्यामुळेच बिघडलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे बारा मीटरला पस्तीस मिलिसेकंद. तारेतून गेलेला आवाज मागच्या स्पीकरमधून लगेच बाहेर पडतो आणि पुढच्या स्पीकरचा आवाज त्यामागून धावत येतो. शेवटच्या रांगांना प्रत्येक शब्दाची सावली ऐकू येते, व्यंजनं पुसली जातात, 'कर' की 'घर' कळत नाही. लोक म्हणतात 'आवाज वाढवा', आणि वाढवल्यावर सावलीही वाढते. उपाय एकच: मागच्या स्पीकरला मिक्सरमधून पस्तीस ते चाळीस मिलिसेकंदांचा विलंब द्यायचा. मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये ती सोय नव्हती. तेव्हा मागचे स्पीकर सरळ बंद केले, पुढचे दोन माणसाच्या डोक्याहून चांगले उंच चढवून तोंड किंचित खाली झुकवलं. तेवढ्याने काम झालं.

माइकचंही तसंच. कॉलर माइक दिसायला नीटस, पण बहुतेक कॉलर माइक चहूकडचा आवाज घेतात. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. पोडियमवरचा, वाकणाऱ्या लांब दांडीचा माइक शिट्टी कमी देतो, पण वक्ता फळ्याकडे वळला की आवाज गायब. फळा वापरणाऱ्या वक्त्याला कानाला अडकवायचा माइकच द्यावा. हातातला साधा डायनॅमिक माइक आजही सर्वांत भरवशाचा, अट इतकीच की तो हनुवटीजवळ, चार बोटांवर धरायला हवा. आपल्याकडे बोलता बोलता माइक बेंबीपर्यंत उतरतो, आणि कुणी सांगायला जात नाही, कारण वक्ते वयाने मोठे. बिनतारी माइकचे सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे घालावेत. मार्चच्या पुष्पात ते चाळिसाव्या मिनिटाला संपले आणि सुटे सेल कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे. पंख्यांची घरघर माइकमध्ये येते ती मिक्सरवरचं 'लो कट' (खालच्या पट्टीचा आवाज गाळणारं) बटण दाबलं की बरीच कमी होते. हे बटण असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

उघड्या मैदानावर माला भरवणाऱ्यांसाठी जाता जाता: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत ऐकू येण्यापुरता, ही रात्रीची अट नाही. शाळेचा हॉल निवडण्याचं हेही एक कारण.

फसलेल्या तीनपैकी दोन व्याख्यानं स्लाइडनी बुडवली. एकदा वक्त्यांनी जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये केलेलं सादरीकरण पेन ड्राइव्हवर आणलं. हॉलच्या लॅपटॉपवर तो फाँट नव्हता आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा काला उमटला. ते पीडीएफ करून दोन दिवस आधी मागवलं असतं तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांदा पंचांगाच्या व्याख्यानात एकेका स्लाइडवर तीस-तीस ओळींची कोष्टकं. खरं तर अधिक महिन्याचं गणित तोंडी सांगता येतं: बारा चांद्र महिने म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्ष ३६५ चं, दर वर्षी अकरा दिवसांची तूट, ती साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांत महिनाभर साठते की एक महिना अधिक धरायचा. एकोणीस वर्षांत असे सात. एवढं फळ्यावर लिहिलं असतं तर लोक घरी जाऊन सांगत बसले असते.

याच्या उलट पूररेषेचं व्याख्यान. एकही स्लाइड नाही, फक्त खडू. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, इथून सुरुवात. लोकांचा समज असा की २००५ ला पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. वक्त्यांनी फळ्यावर मांडलं की लाल रेषेचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता, निळ्या रेषेचा म्हणजे शंभरात चार. मग वीस वर्षांचं गृहकर्ज धरून हिशेब केला: कर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, लाल रेषेपर्यंत १८ टक्के. २६ जुलैचं पाणी घरात पाहिलेले लोक समोर बसलेले. हॉल असा गप्प झाला की पंख्यांचा आवाज ऐकू यावा. चाळीस मिनिटांचं व्याख्यान, दहा महिन्यांतलं सर्वोत्तम.

मोडीचंही जमलं ते कागद आणि पेन्सिल वाटल्यामुळे. आधी पानभर आडव्या शिरोरेषा ओढायच्या, मग त्यांना लटकवत हात न उचलता अक्षरं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दहा मिनिटांत साठ माणसं आपापलं नाव लिहीत होती. मृत्युपत्राच्या वक्त्या वकील. त्यांनी दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो, हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. बाकीचा वेळ गेला तो नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे समजावण्यात. इथे प्रश्न व्याख्यानापेक्षा लांबले.

प्रश्नोत्तरांची पद्धत तीनदा बदलली. खुला माइक ठेवला की प्रश्नाऐवजी दुसरं व्याख्यान सुरू होतं. हे दृश्य कुणाला नवीन नाही. चिठ्ठ्या बऱ्या, पण त्या शेवटी गोळा केल्या तर वाचायला वेळ मिळत नाही. पस्तिसाव्या मिनिटाला चिठ्ठ्या फिरवायच्या, दोघांनी सारखे प्रश्न एकत्र करायचे, आठ-नऊ विचारायचे. यावर 'अडचणीचे प्रश्न दाबले' असा आरोप एकदा झाला, आणि तो निराधार नव्हता. आता न विचारलेल्या चिठ्ठ्या बाहेरच्या फलकावर टाचतात. फलक आठवडाभर राहतो आणि चांगला वाचला जातो.

सर्वांत मोठी उणीव ध्वनिमुद्रणाची. तिपाईवर मोबाइल ठेवून केलेल्या चित्रीकरणात वक्ता दिसतो, पण ऐकू येतो तो खोकला आणि खुर्च्या. मिक्सरच्या आउटपुटमधून तार थेट रेकॉर्डरला जोडली की काम होतं. वक्त्याची लेखी परवानगी आमंत्रणाच्या पत्रातच घ्यावी. आणि मुद्रणावर थांबू नये. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. आंबेडकरांनी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं काळे स्मृती व्याख्यान दिलं, संघराज्याच्या प्रश्नावर. त्या दिवशी समोर किती माणसं होती याला आज महत्त्व नाही. ते छापलं गेलं म्हणून आपण वाचतो. इथे पूररेषेच्या व्याख्यानाचं फळ्यावरचं गणितही कुणी उतरवून ठेवलेलं नाही, फळा सोमवारी पुसला गेला.

पुढचा हंगाम ऑगस्टपासून. नव्याने जाणाऱ्यांनी तिसरी ते सहावी रांग धरावी. पहिल्या दोन पाहुण्यांसाठी राखीव असतात, आणि सातवीवर पंखा थेट डोक्यावर येतो. जिना दोन मजल्यांचा आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी सव्वासहाला पोचावं, नाहीतर वर चढेपर्यंत परिचय संपलेला असतो, आणि आता तो खरोखर दीडच मिनिटाचा आहे.